नाशिकच्या कडाक्यात कोंबड्या आणि बदकं: पडदा खालून वर, हवा वरून बाहेर

दरवर्षी डिसेंबर संपता संपता तीच तक्रार कानावर येते. थंडी पडली म्हणून शेड चारी बाजूंनी बंद केली, प्लॅस्टिक लावलं, फटी बुजवल्या, तरीही कोंबड्या खरखरायला लागल्या, अंडी निम्म्यावर आली, रोज एखादी मरते आहे. बहुतेक वेळा हे सगळं शेड बंद केल्यामुळेच झालेलं असतं.

निफाडच्या पट्ट्यात जानेवारीत रात्री पारा ५-६ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. त्याच दिवशी दुपारी २८ अंशांचं ऊन असतं. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास असते. पूर्ण पिसं आलेली, पोट भरलेली, कोरड्या जागी बसलेली कोंबडी ५ अंशांची रात्र पिसं फुगवून काढते. बदक तर तिच्याहून काटक. त्यांना बाधतात त्या तीन गोष्टी: अंगावर थेट येणारा वारा, पायाखालची ओल आणि कोंदलेल्या हवेतला अमोनिया. पिल्लांचं मात्र वेगळं आहे. त्यांना खरोखर उष्णता लागते, म्हणून त्यांचा टप्पा स्वतंत्र ठेवला आहे.

हिशेबासाठी ५० मोठ्या कोंबड्या (गिरिराज, वनराज किंवा गावठी) आणि २० बदकं (खाकी कॅम्पबेल किंवा गावठी) धरली आहेत. तुमच्याकडे कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात बदल करा.

## १. कोजागिरी ते दिवाळी: थंडीआधी उरकायची कामं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेड, मग गादी (जमिनीवरचं तुसाचं अंथरूण), मग जंतनाशक, शेवटी लस.

शेड. कोंबड्यांना रात्रीच्या जागेसाठी प्रत्येकी सव्वादोन-अडीच चौरस फूट धरा. म्हणजे ५० कोंबड्यांना १० बाय १२ फुटांची खोली पुरते. बदकांना प्रत्येकी ४ चौरस फूट, म्हणजे २० बदकांना ८ बाय १० फूट. दोघांना एकाच खोलीत कोंडू नका. बदकाच्या विष्ठेत जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, त्यात ते चोच बुडवून पाणी सांडत राहतं. कोंबड्यांची कोरडी गादी बदकं आठवड्याभरात ओली करतात. जागा कमी असेल तर निदान मधे दोन फुटांची पक्की भिंत घाला आणि बदकं उताराच्या बाजूला ठेवा.

पत्र्याला भोकं असतील तर आत्ताच बुजवा. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली होती. नाशिकच्या हिवाळ्यात असा एखादा दिवस येतोच असं धरून चालावं.

जाळी आणि दार. ऊसतोड सुरू झाली की बिबट्या, कोल्हे आणि रानमांजरं उसातून बाहेर पडतात. बारदानाचा पडदा त्यांना अडवत नाही. आत अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी आणि कडी लागणारं दार हवंच.

जंतनाशक आणि लस. जंतनाशक आधी, त्यानंतर साधारण आठवड्याने लस. मानमोडीची (राणीखेतची) लस डिसेंबरच्या आत झालेली असावी. आठ आठवड्यांच्या पुढच्या तलंगांना (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) आर-टू-बी टोचून घ्यायची, मोठ्या कोंबड्यांना लासोटा पाण्यातून. बदकांसाठी डक प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. मात्रा आणि तारखा तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्या.

> इथे चुकतं: हिवाळ्यात पहाटे पाण्यातून लस दिली जाते. गारठ्यात पक्षी पाणी पीत नाहीत आणि लस दोन तासांत निकामी होते. सकाळी दहाच्या सुमारास द्या. त्याआधी दीड-दोन तास पाणी बंद ठेवा. पाणी ब्लीचिंग नसलेलं घ्या आणि त्यात लिटरमागे ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा.

## २. पडदे: सगळ्यात जास्त चुकणारं काम

घराच्या खिडकीला लावतात तसा पडदा वरून खाली सोडला जातो. खाली वीतभर फट राहते, तिथून गार वारा थेट बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर येतो. वरची बाजू मात्र पक्की बंद असते. अमोनिया हवेपेक्षा हलका, आणि श्वासातली ओलसर गरम हवाही वर चढते. दोघांना बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून पडदा खालून पक्का आणि वरून मोकळा हवा.

एका १२ फुटी बाजूसाठी सामान: तागाची उसवलेली धान्याची बारदानं ४-५, बारा फुटांचा एक सरळ बांबू किंवा अर्ध्या इंचाचा पाइप, बारा फुटांची लाकडी पट्टी, दोन छोट्या कप्प्या, ३० फूट नायलॉन दोरी, दाभण आणि सुतळी. खताची किंवा कीटकनाशकाची गोणी घेऊ नका. कांद्याच्या जाळीदार गोण्या आणि शेडनेट वारा अडवत नाहीत, तीही नकोत.

१. बारदानं झटकून दोन दिवस कडक उन्हात टाका. मग शिवून १२ फूट लांब, ५ फूट रुंद असा एक पडदा करा.

२. शेडच्या दीड फुटी ठेंगण्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाने, पडद्याची खालची कड पट्टीखाली दाबून ठोका. कड भिंतीच्या माथ्याखाली चार-सहा बोटं आली पाहिजे, म्हणजे फट राहणार नाही.

३. वरची कड बांबूभोवती गुंडाळून शिवा.

४. पत्र्याखालच्या वाशाला दोन टोकांना कप्प्या लावून दोरी ओवा. दोरी ओढली की पडदा जमिनीकडून वर चढतो, सोडली की खाली बसतो.

५. पूर्ण वर ओढल्यावरही पत्रा आणि पडदा यांच्यामध्ये एक ते दीड फूट जागा उघडी राहिली पाहिजे. त्या जागी दोरीला कायमची गाठ मारून ठेवा. गाठ कप्पीत अडकते, त्यामुळे थंडीच्या धास्तीने रात्री कोणी पडदा शेवटपर्यंत ओढू शकत नाही.

उत्तर आणि ईशान्येकडून येणारा वारा गार असतो, त्या बाजूचे पडदे रात्री गाठीपर्यंत वर. दक्षिणेची बाजू निम्म्यावर चालते. नाशिकला डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य आकाशात निम्म्यावरच, साधारण ४६ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेचा पडदा सकाळी लवकर खाली केला की ऊन शेडमध्ये आतपर्यंत येतं आणि गादी वाळवतं. ही ऊब फुकट आहे, ती पडद्याआड घालवू नका.

ताडपत्री फक्त पावसासाठी. बारदानाच्या बाहेरून वेगळ्या दोरीवर गुंडाळून ठेवा, पाऊस थांबला की गुंडाळा. ताडपत्री श्वास घेत नाही, रात्रभर राहिली तर सकाळी पत्र्याखालून पाणी टपकतं.

> तपासणी, रात्री दहा वाजता: कोंबड्या बसतात त्या उंचीला पेटती उदबत्ती धरा. धूर सावकाश वर चढून पत्र्याखालच्या फटीतून निघाला तर ठीक. आडवा पळाला तर कुठेतरी खाली फट आहे, ती शोधा. तिथेच घोटाळत राहिला तर वर जागा वाढवा.

> तपासणी, सकाळी सहा वाजता: पत्र्याच्या आतून हात फिरवा. हात ओला झाला तर हवा कमी पडते आहे. वरची फट चार बोटं वाढवा. तरीही ओल राहिली तर पत्र्यावर उसाच्या पाचटाचा चार इंची थर जाळी टाकून बांधा. पत्रा कमी गार पडला की आतली वाफ कमी धरते.

## ३. गादी

भाताचं तूस सगळ्यात चांगलं. घोटी-इगतपुरीच्या भात गिरण्यांतून ते मिळतं. कोंडा नको, नुसतं तूस हवं. वखारीतला बारीक लाकडी भुसा एकटा वापरू नका. त्याची धूळ नाकात जाते आणि लहान पक्षी तो खातात.

पावसाळ्यातली जुनी गादी पूर्ण काढा, जमीन चुन्याने सारवा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. मग ४ इंच तूस. पुढे दर आठवड्याला थोडं थोडं टाकत डिसेंबरपर्यंत ६ इंचांवर न्या. हे ऑक्टोबरातच सुरू करण्याला कारण आहे. विष्ठा आणि तूस मिसळून जिवाणूंचं काम जोर धरायला सहा ते आठ आठवडे जातात, त्यानंतर गादी स्वतःच कोमट राहू लागते. ऐन डिसेंबरात "स्वच्छता" म्हणून सगळी गादी उपसून दोन बोटं नवं तूस टाकणं, ही दुसरी मोठी चूक. पक्षी गार जमिनीवर येतात आणि लागलेली गादी वाया जाते.

दर तीन दिवसांनी दुपारी, पडदे पूर्ण खाली करून, पंजाने गादी उलथापालथ करा. पाण्याच्या भांड्याखालचा ढेकळं झालेला भाग रोज काढायचा आणि तिथे कोरडं तूस भरायचं.

> मुठीची परीक्षा: मूठभर तूस घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. हळूहळू सुटला तर बरोबर. अजिबात धरलंच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी, तेव्हा उलथापालथ कमी करा.

> नाकाची परीक्षा: पहाटे पडदे उघडायच्या आत शेडमध्ये जाऊन उकिडवे बसा. नाक कोंबडीच्या उंचीला आणा आणि मिनिटभर थांबा. उभ्या माणसाला जे जाणवत नाही ते तिथे कळतं. डोळे चुरचुरले तर अमोनिया पक्ष्यांना बाधण्याइतका झालेला आहे.

गादी ओली असेल तर १०० चौरस फुटांना साधारण एक किलो विरलेला चुना मिसळतात. पण एक लक्षात ठेवा: ताज्या विष्ठेत चुना गेला की अमोनिया आधी उसळून बाहेर येतो. म्हणून हे काम दुपारी, पक्षी बाहेर आणि पडदे खाली असतानाच करायचं. संध्याकाळी चुना टाकून शेड बंद केली तर उपायच बाधतो.

## ४. बसण्याची जागा

कोंबड्यांसाठी अडीच फूट उंचीवर दांड्या, प्रत्येकीला ८ ते १० इंच. दांडी दोन इंच रुंद आणि वरून सपाट, कडा घासलेल्या. गोल बारीक बांबूवर बोटं वळतात आणि उघडी राहतात, सपाट दांडीवर कोंबडी पोटाखाली पाय झाकून बसते. लोखंडी पाइप नको, तो गार पडतो. कोंबड्यांची डोकी पडद्याच्या वरच्या कडेपासून किमान दीड फूट खाली असली पाहिजेत, नाहीतर वरची हवा थेट डोक्यावर येईल.

बदकं दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात. त्यामुळे त्यांच्या बाजूची ठेंगणी भिंत दोन फुटांची करा आणि खाली गव्हाचं काड किंवा कापलेलं पाचट सहा इंच अंथरा. वरचा ओला थर रोज उचलून टाका, आठवड्यातून एकदा भर घाला. पाचट आधी फोडून बघा. आत पांढरी-हिरवी बुरशी किंवा कुबट वास असेल तर वापरू नका, त्या बुरशीने फुप्फुसं जातात.

## ५. दाणा

थंडीत पक्षी जास्त खातात. कोंबडीला एरवी ११०-१२० ग्रॅम, बदकाला १५० ग्रॅमच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत त्यावर दहा टक्के जास्त तयार ठेवा. ५० कोंबड्यांना रोज साडेसहा किलोच्या आत-बाहेर, २० बदकांना सव्वातीन किलो.

संध्याकाळी पाच वाजता अखंड बाजरी किंवा भरडलेला मका, कोंबडीमागे १५-२० ग्रॅम, म्हणजे ५० कोंबड्यांना पाऊण ते एक किलो. धान्य रात्रभर सावकाश पचतं आणि आतून ऊब देतं. याच्यावर जाऊ नका. ऊब मिळावी म्हणून मकाच मका घातला की प्रथिनं कमी पडतात आणि अंडी घसरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं मुख्य खाद्य १६-१७ टक्के प्रथिनांचंच राहू द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

मक्याबद्दल कळकळीने. येवला, चांदवड, मालेगावकडचा खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो आणि ओला, स्वस्त मिळतो. तसाच थप्पीला लावला की बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. कोंबडी जे थोडंफार सहन करते तेच बदकाचं यकृत निकामी करतं. बदकांइतका या विषाला नाजूक पाळीव पक्षी क्वचितच असेल. घेतलेला मका उन्हात पसरून १२-१३ टक्के ओलाव्यावर आणा. दाताखाली कट् करून फुटला पाहिजे, दबला तर अजून ओला आहे. काळपट-हिरवे दाणे निवडून जाळा. भुईमुगाची पेंड बदकांना देऊ नका.

> सावध: सडका किंवा टाकाऊ कांदा आणि पात कोंबड्या-बदकांपुढे टाकू नका. आपल्याकडे तो ढिगाने पडलेला असतो म्हणून हे सांगणं भाग आहे. कांद्यातल्या द्रव्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तुरा फिका पडतो, पक्षी मलूल होतो.

## ६. पाणी

गार पाणी कमी प्यायलं जातं, पाणी कमी गेलं की खाणं कमी होतं आणि अंडं थांबतं. ५० कोंबड्यांना रोज १०-१२ लिटर पिण्याचं पाणी लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे बर्फासारखं असतं. बोअर किंवा विहिरीचं ताजं उपसलेलं पाणी मात्र बाराही महिने कोमटच असतं. वीज पहाटे असेल तर सरळ तेच भरा. रात्रपाळीची वीज असेल तर दोन बादल्या पाणी आदल्या दिवशी दुपारी उन्हात तापवून बारदानात गुंडाळून ठेवा. पत्र्याची भांडी रात्री रिकामी करून पालथी घाला.

बदकांना डुंबायला तळं नसलं तरी चालतं, पण भांडं पाच-सहा इंच खोल हवं. चोच आणि डोळे बुडवून धुता आले नाहीत तर नाकपुड्या चिकटतात. हे भांडं शेडच्या बाहेर, खडीवर ठेवलेल्या जाळीच्या चौकटीवर मांडा. पाणी खडीत मुरतं, पाय चिखलात राहत नाहीत. संध्याकाळी बदकं आत घेण्याआधी पाऊण तास त्यांना कोरड्या जागी उन्हात राहू द्या. ओल्या पिसांनी आत गेली तर रात्रभरात गादी भिजते. रात्री आत दाणा नसेल तर पाणी नसलं तरी चालतं, पण दाणा ठेवलात तर पाणीही ठेवावंच लागेल.

> सावध: हिवाळ्यात बदकं गोदावरीच्या फुगवट्यावर, कालव्यावर किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूच्या पाण्यावर सोडू नका. २०२० मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालेल्या या जागी दूरदेशीची बदकं याच महिन्यांत उतरतात. बर्ड फ्लूचा विषाणू त्यांच्या विष्ठेतून पाण्यात येऊ शकतो. पाळीव बदक अनेकदा काहीच लक्षण न दाखवता तो घरी आणतं आणि कोंबड्या मरतात.

## ७. उजेड

२१ डिसेंबरच्या सुमारास नाशिकला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. म्हणजे अंडी घटण्याला निम्मं कारण अंधार असतं, थंडीला उगाच दोष दिला जातो. १० बाय १२ च्या खोलीत ९ वॅटचा एक एलईडी पुरतो. उजेड पहाटेकडून वाढवा. दर आठवड्याला अर्धा तास करत १४-१५ तासांवर या. संध्याकाळी अचानक दिवा गेला तर कोंबड्या जमिनीवरच अडकतात, पहाटेच्या दिव्याला दिवस येऊन मिळतो. टायमर लावा. एक दिवस दिवा, दोन दिवस नाही, यापेक्षा तो न लावलेला बरा. १८ आठवड्यांच्या आतल्या तलंगांना जादा उजेड देऊ नका, अंग भरण्याआधी त्या अंड्यावर येतात.

## ८. पिल्लं

शक्य असेल तर पिल्लं डिसेंबर-जानेवारीत आणूच नका, फेब्रुवारीच्या मध्यावर आणा. आणायचीच असतील तर पुढचं एकही पाऊल गाळू नका.

आदला दिवस. १०० पिल्लांसाठी १८ इंच उंच पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कुंपण), सुमारे ५ फूट व्यासाचं. आत ३-४ इंच तूस, वर वर्तमानपत्राचे थर. उष्णतेसाठी २५० वॅटचे दोन इन्फ्रारेड बल्ब, तुसापासून १८ इंचांवर, साखळीने टांगलेले. वायरने टांगू नका, वायर वितळून बल्ब तुसात पडतो आणि शेड पेटते. साधे एलईडी उष्णता देत नाहीत. "बल्ब तर चालू होता" म्हणत शंभरातली साठ पिल्लं गेल्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. बल्ब पिल्लं येण्याच्या किमान १२ तास आधी सुरू करा. हवा लवकर तापते, तूस नाही.

वीज जाणार हे धरूनच चाला. पर्याय म्हणून गॅस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी) किंवा इन्व्हर्टर हवा. कोळशाची शेगडी बंद जागेत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पिल्लंही जातात आणि राखणीला झोपलेला माणूसही.

उतरवताना. चोच एकदा पाण्यात बुडवून प्रत्येक पिल्लू सोडा. पहिलं पाणी कोमट, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास गूळ घातलेलं, तेही पहिले काही तासच. दाणा त्यानंतर कागदावर पसरा.

तापमान. पिल्लाच्या पाठीच्या उंचीला थर्मामीटर ठेवा. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश, बदकाच्या पिल्लांना २९-३२. पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. आपल्याकडे रात्रीची ऊब चार-पाच आठवडे द्यावी लागते.

> पिल्लांकडे बघा, थर्मामीटर नंतर: बल्बखाली ढीग करून चिवचिवाट चालला तर गारठा आहे. कडेला पांगून चोच उघडी असेल तर उष्णता जास्त. एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सगळीकडे सारखी पसरून बारीक आवाज करत असतील तर जमलं. पिल्लाचे पाय तुमच्या गालाला लावा, गार लागले तर तूस गार आहे.

> आठ-दहा तासांनी: दहा पिल्लांची गळ्याखालची पिशवी चाचपा. नऊ तरी भरलेल्या आणि मऊ लागल्या पाहिजेत. कडक लागली तर पाणी मिळालेलं नाही.

नाशिकची खास अडचण दुपारची. रात्री सात अंश आणि दुपारी अठ्ठावीस. पहाटे लावलेले दोन्ही बल्ब दुपारी दोनपर्यंत तसेच राहिले तर पिल्लं धापा टाकतात, मग संध्याकाळी बंद करायचे आठवतात आणि नेमकी रात्री गारठतात. सकाळी दहाला एक बल्ब बंद, गरज वाटली तर दुपारी दोन्ही, आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी पुन्हा सुरू. ब्रूडरच्या खोलीतही वरची फट हवीच. वाढत्या ब्रॉयलरच्या पोटात पाणी होण्याचं हिवाळ्यातलं मोठं कारण प्राणवायूची कमतरता हेच आहे.

बदकाच्या पिल्लांना पोहायला सोडण्याची घाई करू नका. अंड्यावर बसलेली आई असेल तर तिच्या पिसांचं तेल पिल्लांना लागतं. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना ते नसतं, ती भिजतात आणि तासाभरात गारठून मरतात. हिवाळ्यात पूर्ण पिसं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे, पाणी फक्त चोच बुडेल एवढ्या अरुंद भांड्यात. त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) जवळजवळ दुप्पट लागतं. कमी पडलं तर पाय वाकतात. चिक स्टार्टरवर (कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यावर) वाढवत असाल तर पशुवैद्यांना विचारून बी-कॉम्प्लेक्स सुरू करा.

## ९. दिवसाचा क्रम

पहाटे साडेतीन-चारला टायमरने दिवा. सातला कोमट पाणी आणि दाणा, दक्षिणेचा पडदा खाली. साडेआठला उत्तरेचा पडदा निम्मा, दहाला पूर्ण. कोंबड्या नऊनंतरच बाहेर, गवतावरचं दव उतरल्यावर. बदकंही नऊपर्यंत आत ठेवा. ती अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान घालतात, लवकर सोडली तर अंडी शिवारभर शोधावी लागतात. दुपारी गादी बघायची. पाचला धान्य, साडेपाच-सहाला पडदे वर. रात्री दहाला एक फेरी.

द्राक्षबागेशेजारी शेड असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. थंडीत मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या करतात. धूर तुमच्या बाजूला येत असेल तर शेजाऱ्यांशी बोलून शेकोटीची जागा बदलून घ्या, तेवढा वेळ त्या बाजूचा पडदा वर ठेवा. आणि डाउनी-भुरीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांच्या) फवारण्या चालू असताना पक्षी बागेत अजिबात सोडू नका, "गवत खातील, तण कमी होईल" म्हणूनही नाही.

## १०. खरखर सुरू झालीच तर

रात्री दिवे बंद असताना दारात उभे राहून दोन मिनिटं नुसतं ऐका. शिंक, शिट्टीसारखा श्वास, खरखर. दिवसा गोंगाटात हे ऐकू येत नाही.

१. वरची फट उघडा, ओली गादी त्याच दिवशी काढा. औषध याच्यानंतर, हवा न बदलता दिलेलं औषध संपलं की खरखर परत येते.

२. आजारी पक्षी वेगळे करा. त्यांचा दाणापाणी सगळ्यात शेवटी, तीच चप्पल घालून परत निरोग्यांत जायचं नाही.

३. तोंड सुजून नाकातून घाण वास येतोय, मान वाकडी होतेय, हिरवी पातळ हगवण आहे की विष्ठेत रक्त आहे, हे लिहून काढा आणि पशुवैद्यांना सांगा. दुकानातून मनाने प्रतिजैविक आणू नका. रोग विषाणूचा असेल तर ते लागू पडत नाही, आणि औषधाचा अंश अंड्यातून घरच्यांच्या पोटात जातो.

४. एक-दोन दिवसांत अचानक बरेच पक्षी मेले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर एकही पक्षी विकू, कापू, वाटू किंवा ओढ्यात फेकू नका. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच उत्तर महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता.

## ११. पडदे कधी उतरवायचे

संक्रांत झाली की लोक पडदे काढतात आणि फेब्रुवारीतली थंडीची शेवटची लाट पक्ष्यांना उघड्यावर गाठते. होळीपर्यंत पडदे जागेवर राहू द्या, फक्त रोज थोडे कमी वर ओढत जा. पहाटेचा दिवाही एकदम बंद करू नका. दिवस मोठा होईल तसा आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी कमी करा. उतरवलेली बारदानं चुन्याच्या निवळीत बुडवून, दोन दिवस उन्हात वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यासह गुंडाळून माळ्यावर ठेवा. दोऱ्यांवरच्या गाठी सोडू नका, पुढच्या दिवाळीला त्याच मापाने लागतील.